साडेसातकी

अमेरिकेचे अप्रूप आता कुणाला राहिलेले नाही. उदगीर, भालकी, देगलूर, निपाणी अशा गावांतही चार घरांआड कुणाचा तरी मुलगा किंवा लेक तिकडे असते आणि संध्याकाळी मोबाइलच्या पडद्यावर त्यांचे अख्खे स्वयंपाकघर दिसते. तिकडे आज कोणती भाजी झाली, हे इथल्या आजीला ठाऊक असते. पन्नास वर्षांपूर्वी मात्र अमेरिका पत्रातून येत असे; तीही एका निळ्या एरोग्रामच्या तीन घड्यांत मावेल तेवढीच. आमच्या घरी, हैदराबादेतल्या नल्लकुंट्याला, ती महिन्यातून दोनदा येई. पाठवणारा माझा थोरला भाऊ, आम्हा सर्वांचा दादा. ती सगळी पत्रे आईने एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली होती. आज ओळीने वाचली तर दिसते, की त्यांत सर्वांत जास्त जागा भावांनी अडवलेली आहे. ‘मी मजेत आहे’ याला एक ओळ आणि दुधाच्या भावाला चार. पण त्या भावांच्या आडून एक सबंध काळ बोलतो, तिकडचा आणि आपलाही.

नल्लकुंटा म्हणजे तेलुगूत काळे तळे. ते तळे मी काही पाहिले नाही. आमच्या ओळखीचे नल्लकुंटा म्हणजे शंकर मठ, भाजीबाजार आणि साथीच्या रोगांचे इस्पितळ. त्या इस्पितळाला सगळे हैदराबाद ‘कोरंटी दवाखाना’ म्हणे. क्वारंटाईन या शब्दाची आपल्या लोकांनी केलेली ही सोय. एका तेलुगू कुटुंबाच्या घरात दोन खोल्यांचा पोर्शन आम्ही पासष्ट रुपये भाड्याने घेतला होता. घरात मराठी, अंगणात मालकीणबाईंशी तेलुगू, दुकानात दखनी आणि वडिलांच्या कचेरीत इंग्रजी. दिवसाला चार भाषा लागत आणि त्यात काही विशेष आहे असे कुणाला वाटत नसे. सीमेवरच्या वाचकांना हे सांगायला नकोच. आमचे मूळ गाव उदगीर. निझामाच्या राज्यात ते बिदर जिल्ह्यात होते, १९५६ नंतर उस्मानाबादेत गेले, १९८२ पासून लातुरात आहे. गाव जागचे हलले नाही, पत्ता तेवढा बदलत राहिला.

दादा उस्मानिया विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकला. १९६९ च्या तेलंगण आंदोलनात कॉलेजे महिनोन्‌महिने बंद राहिली आणि त्याचे एक वर्ष वाया गेले. पुढे नोकऱ्यांचेही खरे नव्हते. अमेरिकेने १९६५ साली कायदा बदलून आशियातल्या लोकांसाठी दार किलकिले केले होते, आणि उस्मानियातली हुशार मुले एकामागून एक अर्ज करू लागली होती. दादाला शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रवेश मिळाला. व्हिसासाठी मद्रासला जावे लागे. हैदराबादेत अमेरिकन वकिलात आली ती थेट २००८ साली. उदगीरजवळची चार एकर जमीन गहाण पडली, तिकीट निघाले आणि ऑगस्ट १९७१ च्या पहिल्या आठवड्यात दादा गेला. परकीय चलनाची एवढी टंचाई होती की जाणाऱ्याला सरकार खर्चाला आठ डॉलर देई. आठ डॉलर म्हणजे साठ रुपये. आमच्या पोर्शनचे महिन्याचे भाडेसुद्धा त्यात भागले नसते.

त्याचे पहिले पत्र आले ते मोठ्या बातमीसकट. १५ ऑगस्टला, म्हणजे आपल्या स्वातंत्र्यदिनी, अध्यक्ष निक्सन यांनी दूरदर्शनवर भाषण करून सगळे पगार, भाडी आणि भाव नव्वद दिवसांसाठी गोठवले होते. वडिलांना याचे अतोनात कौतुक वाटले. “भाव गोठवले! हे निझामालासुद्धा जमलं नव्हतं,” असे ते मालकांना अंगणात सांगत होते. त्याच भाषणात आणखी एक घोषणा होती: परदेशी सरकारांना पस्तीस डॉलरला एक औंस या दराने सोने देणे अमेरिकेने बंद केले. ही ओळ दादाने पत्राच्या कडेला बारीक अक्षरात लिहिली होती. तिच्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही. जायचे कारणही नव्हते. शिकागोतले सोने आणि नल्लकुंट्यातले आम्ही यांचा संबंध यायला अजून तीन वर्षे होती.

डॉलरचा दर तेव्हा साडेसात रुपयांच्या आसपास होता. वडील जुन्या तालमीतले. पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, औटकी सगळे तोंडपाठ. त्यांनी त्यात एका नव्या पाढ्याची भर घातली आणि त्याला नाव दिले ‘साडेसातकी’. पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर तो लिहून काढला: साडेसात दुणे पंधरा, साडेसात त्रिक साडेबावीस, साडेसात चोक तीस. पत्र आले की मी मोठ्याने वाचायचे आणि प्रत्येक भावाशी थांबायचे. वडील गुणाकार करून आकडा सांगत. दूध गॅलनला एक डॉलर वीस सेंट, म्हणजे नऊ रुपये. चौघांत घेतलेल्या खोल्यांच्या भाड्याचा वाटा पस्तीस डॉलर, म्हणजे दोनशे साडेबासष्ट. हजामत अडीच डॉलर, म्हणजे पावणेएकोणीस रुपये. “माझी दोन वर्षांची हजामत!” वडील म्हणाले आणि आपल्या डोक्यावरून हात फिरवत बराच वेळ गप्प बसले.

आई चौथी शिकलेली. तिने साडेसातकी शिकायला साफ नकार दिला. ‘साडेसाती’ म्हणून ती त्या पाढ्याची थट्टा करी. एकदा भाजी निवडता निवडता तिने मला सांगितले, “त्याला एवढं विचार, की एक तास राबलं तर हातावर काय पडतं.” मी विचारले. तीन आठवड्यांनी उत्तर आले: विद्यापीठातल्या कामाचे तासाला एक डॉलर साठ सेंट. कायद्याने ठरलेली किमान मजुरी तेव्हा तेवढीच होती. आईने बोटांवर हिशेब केला. एका तासाच्या कामात पाच लिटर दूध. आमचा गवळी लिटरला दीड रुपया घेई आणि समोर घर बांधणाऱ्या मजुराला दिवसाचे तीन रुपये मिळत. म्हणजे त्याच्या अख्ख्या दिवसाचे दोन लिटर. “दूध त्याला स्वस्त आहे, पीत जा म्हणावं,” आई म्हणाली. “आणि हजामतीला दीड तासाहून जास्त राबावं लागतं. तिकडं वस्तू स्वस्त, माणसाचा हात महाग. आपल्याकडं उलटं.” अर्थशास्त्राची पुस्तके मी पुढे कॉलेजात वाचली, पण दोन देशांतला फरक इतक्या थोडक्यात सांगणारे वाक्य मला त्यांत सापडले नाही.

पुढच्या दिवाळीला दादाचा फोटो आला. खांद्यापर्यंत केस! आजी उदगीरहून आलेली होती. देव आनंदच्या ‘हरे रामा हरे कृष्णा’पासून लांब केसांच्या मुलांविषयी घरोघर धास्ती होती. आजीने फोटो पालथा ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला. आई म्हणाली, “अहो, बिघडला नाही तो. दीड तास वाचवूलालाय.”

बातम्यांच्या बाबतीत मोठी गंमत होई. पत्राला दहा-बारा दिवस लागत, त्यामुळे आमच्या चिंता आणि त्याची उत्तरे यांची कायम चुकामूक. डिसेंबर १९७१ मध्ये युद्ध झाले. अमेरिकेने सातवे आरमार बंगालच्या उपसागराकडे धाडले, ‘एंटरप्राइज’ जहाजाचे नाव सगळ्यांच्या तोंडी झाले. आमच्या मर्फी रेडिओभोवती सगळे घर, मालकांचे घरही, गोळा होई. मालकीणबाईंनी काळजीने आईला विचारले, “अक्का, मी अब्बाईकि एमी कादु कदा?” म्हणजे, तुमच्या मुलाला काही होणार नाही ना? १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. दादाचे त्या दिवसांतले पत्र आले ते जानेवारीत. त्यात बर्फ होते, परीक्षा होती, कांद्याचा भाव होता. शेवटी दोनच ओळी: ‘आमच्या चौघांत एक कराचीचा आहे. त्याचे आईवडील मूळ हैदराबादचे. तो आपल्यासारखीच दखनी बोलतो. ते दोन आठवडे आम्ही जेवताना रेडिओ लावला नाही. तांदळाच्या पोत्याचे वाटे चारच आहेत.’ वडिलांनी ते पत्र दोनदा वाचायला लावले आणि त्या दिवशी साडेसातकी म्हटली नाही. मग म्हणाले, “विचार त्याला, कोणत्या मोहल्ल्यातले?”

त्या काळी आपल्याकडेही निर्वासितांसाठी पत्रावर पाच पैशांचे जादा तिकीट लागे. नोव्हेंबर १९७१ मध्ये ते सुरू झाले आणि मार्च १९७३ पर्यंत चालले. उदगीरच्या प्रत्येक आंतरदेशीय पत्रावर मी ते चिकटवत असे. शिकागोच्या खोलीतला चौथा वाटा आणि नल्लकुंट्याच्या टपालातले पाच पैसे, दोन्ही एकाच घटनेची किंमत होती.

करमणुकीची देवघेव हा माझा प्रांत. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागे. अमीन सयानींचा आवाज खरखरीतून वर येई आणि मी पहिल्या दहा गाण्यांची यादी वहीत उतरवून घेई. ती यादी एरोग्रामच्या चिकटवायच्या पट्टीवर, मुंगीच्या अक्षरात, दादाला जाई. तिकडून उत्तरादाखल अमेरिकन टीव्हीचे वर्णन येई. वसतिगृहाच्या दिवाणखान्यात रंगीत टीव्ही होता. वॉल्टर क्रॉन्काइट नावाचे गृहस्थ बातम्या सांगत आणि सगळा देश त्यांच्यावर विश्वास ठेवी. ‘ऑल इन द फॅमिली’ ही मालिका १९७१ च्या जानेवारीत सुरू झाली होती. तिच्यातला चिडका बाप आर्ची बंकर सगळ्या जातिधर्मांना नावे ठेवी आणि लोक खो खो हसत. दादाने लिहिले, ‘तीन महिने मला विनोद कळत नव्हता. आता कळतो. आपले अमुक मामा इंग्रजीत बोलतात असे समजा.’ १९७२ साली ‘द गॉडफादर’ त्याने पाहिला. तिकीट अडीच डॉलर. आमचा हिशेब तयार: एक हजामत. त्या वर्षीच्या डिसेंबरात अपोलो १७ चंद्रावर उतरले आणि परत आले. त्यानंतर माणूस पुन्हा चंद्रावर उतरला नाही, याची तेव्हा कुणाला कल्पना नव्हती.

आमच्याकडे टीव्ही नव्हताच. हैदराबादचे दूरदर्शन केंद्र १९७७ साली आले. त्याआधी, १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, अमेरिकेच्या नासाचा उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे चोवीसशे खेड्यांत टीव्ही दाखवला गेला. त्यात आमच्या शेजारच्या गुलबर्गा, रायचूर, विजापूर भागातली खेडी होती. खेड्यांना टीव्ही आधी आणि राजधानीला नंतर, असे एकदा तरी घडले म्हणायचे.

१९७२ साल मात्र आठवू नये असे. मराठवाड्यात पाऊस नाही. गहाण पडलेल्या चार एकरांत काही उगवले नाही. रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी आली, मिलो. तिची भाकरी थापताना चिरे आणि गिळताना घास अडे. काचीगुड्याहून मनमाडकडे जाणाऱ्या मीटर गेजच्या गाड्या दुष्काळी भागातून माणसे भरून येत. आजीने उदगीरहून निरोप धाडला: “ही ज्वारी दादाच्या गावाहून आली म्हणं. त्याला सांगा, जरा बरी बघून धाड.” हा निरोप मी जसाच्या तसा लिहिला. उत्तरात दादाने ज्वारीविषयी अवाक्षर काढले नाही. तिकडे ती मुख्यतः जनावरांना घालतात, हे त्याने सांगितले ते आजी गेल्यानंतर.

त्याच ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने मुल्की नियम वैध ठरवले. तिकडे आंध्र भागात आंदोलन पेटले, आणि जानेवारी १९७३ मध्ये पी. व्ही. नरसिंह राव यांचे मंत्रिमंडळ जाऊन राष्ट्रपती राजवट आली. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ तेलुगूत नेणारा हा मुख्यमंत्री. आमच्या मराठी वर्तुळात त्यांच्याविषयी जिव्हाळा होता. वडिलांनी जुनी कागदपत्रे काढून आपण मुल्की असल्याची पुन्हा खात्री करून घेतली. दादाने लिहिले, ‘इथल्या वर्तमानपत्रांत हैदराबादचे नाव नाही. सध्या वॉटरगेटच्या खटल्याच्या बातम्या येतात.’ एकाच आठवड्यात दोन देशांची सरकारे अडचणीत होती आणि दोघांना परस्परांची खबर नव्हती.

मग महागाई आली. ती मात्र दोन्हीकडे एकदम आली. एप्रिल १९७३ मध्ये अमेरिकन गृहिणींनी मांसाच्या भावाविरुद्ध आठवडाभर बहिष्कार घातला. ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेल अडवले. शिकागोत पेट्रोलसाठी रांगा लागल्याचे वाचून वडील म्हणाले, “आपल्याकडं रॉकेलची रांग, तिथं मोटारींची.” १९७४ च्या जानेवारीपासून तिथे वीज वाचवण्यासाठी हिवाळ्यातही घड्याळे एक तास पुढे केली, मुले अंधारात शाळेला जाऊ लागली. अमेरिकेत त्या वर्षी महागाई अकरा टक्क्यांनी वाढली आणि तिथले लोक हवालदिल झाले. आपल्याकडे १९७४-७५ मध्ये घाऊक भाव पंचवीस टक्क्यांनी वाढले. ‘रोटी कपडा और मकान’मधले महागाईचे गाणे १९७५ च्या बिनाकाच्या वार्षिक यादीत पहिले आले. माझ्या यादीवर दादाने शेरा लिहिला, ‘हे इथेही पहिले आले असते.’

याच दिवसांत ताईचे लग्न ठरले. मुलगा नांदेडचा, बँकेत. हुंडा नको म्हणाले, पण पाच तोळे सोने घालायचे ठरले. आणि आता पत्राच्या कडेची ती बारीक ओळ तीन वर्षांनी आमच्या दारात उभी राहिली. डॉलर सोन्यापासून सुटला तसे जगभर सोने चढत गेले. त्यात आपल्याकडची टंचाई, चोरटी आयात आणि महागाई यांची भर. १९७२ मध्ये दहा ग्रॅमला दोनशे रुपयांच्या जवळपास असलेले सोने १९७४ मध्ये पाचशेच्या पुढे गेले. गंमत अशी, की अमेरिकन माणसाला स्वतःजवळ सोन्याची लगड ठेवायला १९७४ च्या अखेरपर्यंत कायद्याने बंदी होती. आणि इकडे त्यांच्या अध्यक्षाच्या एका भाषणाने ताईच्या गळ्यातला दागिना अडीचपट महाग केला होता.

दादा तोवर शिकून नोकरीला लागला होता. जमीन त्याने सोडवली होती. हाती होते ते एवढेच, की एक तर तो येऊ शकेल, नाहीतर सोने होऊ शकेल. त्याने दोन्ही आकडे लिहून पाठवले आणि खाली लिहिले, ‘आई म्हणेल तसे.’

वडिलांनी साडेसातकी म्हटली नाही. दर आठाच्या घरात गेला होता आणि तो पाढा जुना झाला होता. आईने पत्र हातात घेतले, वाचता येत होते तेवढे स्वतः वाचले, आणि दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने मला बसवून लिहायला सांगितले: “सोनं पाठव. तू नंतरही येशील. सोनं नंतर येणार नाही.” मी लिहिले. मग ती म्हणाली, “शेवटचं वाक्य खोड. नुसतं लिही, इकडं ऊन फार आहे, आत्ता येऊ नको.” एरोग्राममध्ये खाडाखोड दिसते. दादाने ते खोडलेले वाक्य उजेडापुढे धरून वाचले होते, असे त्याने मला पुढे सांगितले.

लग्न मे १९७४ मधले. आठ मेला रेल्वेचा देशव्यापी संप सुरू झाला आणि तो वीस दिवस चालला. नांदेडचे वऱ्हाड काचीगुड्याला गाडीने उतरायचे ते एका लॉरीत ताडपत्रीखाली बसून, धुळीने माखून, मध्यरात्री नल्लकुंट्याला पोचले. मालकीणबाईंनी आपले दोन्ही पोर्शन रिकामे करून दिले आणि पहाटे चारला वऱ्हाडासाठी इडल्या उकडायला घेतल्या. लग्नाच्या त्याच आठवड्यात पोखरणचा अणुस्फोट झाला. मांडवात पुरुषमंडळी त्याचीच चर्चा करत होती. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, “बरं झालं, आला नाही. आला असता तर संपात मुंबईतच अडकला असता.” हे वाक्य तिने त्या दिवशी इतक्या वेळा म्हटले, की शेवटी ताईने तिचा हात धरून तिला खाली बसवले.

दादा आला तो १९७८ च्या डिसेंबरात, सात वर्षांनी. केस कापलेले, चष्मा लागलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आईबरोबर तो भाजीबाजारात गेला. पिशवी धरायला मीही होतो. तो प्रत्येक बंडीपाशी थांबे, मोडक्यातोडक्या तेलुगूत भाव विचारी आणि पुटपुटे. टोमॅटो किलोला रुपया, म्हणजे बारा सेंट. कोथिंबिरीची जुडी दहा पैसे, म्हणजे एक सेंट. एक सेंट! दहा पैशांच्या कोथिंबिरीचा त्याला भारी अचंबा वाटला आणि त्याने एकदम पाच जुड्या घेतल्या. भाजीवाली हसायला लागली. आईने त्यातल्या तीन जुड्या परत बंडीवर ठेवल्या, राहिलेल्यांवर हक्काने चार हिरव्या मिरच्या टाकून घेतल्या आणि म्हणाली, “भागाकार पुरे. पिशवी नीट धर, टोमॅटो खाली दबूलालेत.”